बरं आहे, येतो

गाडी थांबली नाही. सोमवारची सकाळ, मी फाटकाशी उभा, हातात पिशवी, पिशवीत चष्मा, गोळ्या आणि पाण्याची बाटली. कोपऱ्यावर वळताना ड्रायव्हर गोरक्षनं हॉर्न दिला, मी नेहमीसारखा हात वर केला, आणि हॉस्पिटलची ती पांढरी गाडी माझ्यासमोरून सरळ निघून गेली. ड्रायव्हरच्या मागची खिडकी, म्हणजे माझी जागा. तिथं टोपी घातलेला कुणी म्हातारा बसला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, बसलेला माणूस उभ्या माणसाकडं पाहतो तसं, जरा सुटल्यासारखं. अहो, मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. सगळा जन्म नगरच्या स्टँडवर माईकसमोर गेला. हात केला तरी गाडी थांबवली नाही म्हणून तणतणत आलेल्या किती माणसांना मी "मागची येतीय, बसा" म्हणून गार केलं असेल. त्या माणसांच्या पोटात तेव्हा काय होत होतं ते मला इतक्या वर्षांनी, सावेडीतल्या माझ्याच फाटकात कळलं. हात वरच राहिला होता. समोरच्या बंगल्यातली बाई झाडांना पाणी घालत होती. तिला वाटलं मी तिलाच हात केला. तिनंही हसून हात केला. मग काय करणार, मी पण हसलो आणि आत आलो.

विसरला असेल, असं धरून मी गोरक्षला फोन लावला. मागं गाडीतली माणसं बोलत होती, कुणीतरी खोकत होतं, ते सगळं ऐकू येत होतं. "काका, तुमची जागा आता दुसऱ्याला दिली ना," तो म्हणाला. "डॉक्टर मॅडमनी शनिवारीच सांगितलं मला. म्हणल्या, काकांना इचारलंय, काका हो म्हणलेत." मी म्हणालो, "मी? मी कधी हो म्हणालो?" "आता ते मला काय म्हाईत काका. गाडी चालवतोय, ठिवू का?" आणि ठेवला. चपला पायातच होत्या. मी तसाच सोफ्यावर बसलो, पिशवी मांडीवर, आणि बराच वेळ मला आपण घरात आहोत असं वाटेचना. स्टँडवर बसल्यासारखं वाटत होतं. शेवटची गाडी गेल्यावर स्टँडवर एक कुत्रं आणि एक माणूस उरतो, तसं. घरात कुत्रंही नव्हतं.

माझी बायको कला गेली त्याच्या आधी मी दवाखान्याची पायरी क्वचित चढलो असेन. बीपी आहे, शुगर आहे, ते सगळ्यांनाच असतं. ती गेल्यावर मात्र माझ्या अंगातली एकेक वस्तू बोलायला लागली. आधी छाती, मग डावा हात, मग मान, मग डोळ्यांपुढं ते काळं काळं. मुलगा चेतन पुण्याहून आला, सगळ्या तपासण्या केल्या, रिपोर्ट नॉर्मल. तो परत गेला की पुन्हा छाती. मी रिक्षा करायचो आणि कॅज्युअल्टीत जाऊन पडायचो. तिथल्या नर्स मला ओळखायला लागल्या. खोटं बोलत होतो असं नाही. दुखायचंच. कॉटवर पडलं, कुणीतरी बाही वर सारून बीपीचा पट्टा गुंडाळला, तो दंडावर आवळत गेला आणि हळूहळू सुटला, की दुखणं जायचं. कला गेल्यापासून माझ्या दंडाला दुसरं कुणी हात लावलेला नव्हता, हे मला तेव्हा कळत नव्हतं. आता कळतं. कळून काय फायदा, पट्टा तर हवाच वाटतो. कधी दोन दिवस ठेवून घ्यायचे, कधी चार. डिस्चार्ज द्यायला आले की मला रडू यायचं. माझ्यासारखा माणूस, ज्यानं दिवाळीच्या गर्दीत सगळं स्टँड आवाजावर हाकलं, तो डिस्चार्जला रडायचा.

मग डॉक्टर अश्विनी आल्या. वयानं माझ्या सुनेपेक्षा लहान, बोलायला फटकळ. त्यांनी माझी जाडजूड फाईल बघितली, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "काका, घरी कोण असतं?" एवढ्या डॉक्टरांनी तपासलं, हे कुणी विचारलं नव्हतं. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला त्यांनी एक दालन सुरू केलं होतं. सकाळी गाडी घरून न्यायची, दिवसभर तिथं राहायचं, बीपी-शुगर बघायची, थोडा व्यायाम, जेवण, पत्ते, पेपर, आणि चारच्या चहानंतर गाडी परत घरी सोडायची. चेतन त्याला डे केअर म्हणायचा. आम्ही पाळणाघर म्हणायचो. "निघालं का बाळ पाळणाघरात?" असं मी स्वतःलाच आरशात म्हणायचो आणि दाढी करायचो. रोज दाढी! कला गेल्यापासून आठवड्यातून एकदा केली तर केली अशी गत होती. त्या दालनासाठी बाहेरून कुठून तरी मदत मिळाली होती. म्हाताऱ्या पेशंटांना असं दिवसभर सांभाळलं तर त्यांच्या कॅज्युअल्टीच्या फेऱ्या कमी होतात का, ते मदत देणाऱ्यांना बघायचं होतं. माझ्या झाल्या. कमी काय, बंदच झाल्या. छाती गप्प, हात गप्प, मान गप्प. मध्यंतरी मोठे साहेब लोक बघायला आले तेव्हा अश्विनी मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "हे आमचे कंट्रोलर काका. मागच्या वर्षी सतत ॲडमिट असायचे. यंदा एकदाही नाही." साहेब लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वर्गात पहिला आल्यासारखं वाटलं. पहिला येणाऱ्याला शाळेतून काढतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता शनिवारचं. मी सोफ्यावर बसून तो शनिवार पुन्हा पुन्हा ऐकत होतो. चहा झालेला, सगळे चपला शोधतायत, बाहेर गोरक्ष हॉर्नवर हात ठेवून उभा. दारातच मॅडम भेटल्या. त्या घाईत, मी घाईत. म्हणाल्या, "काका, तब्येत छान आहे ना आता? सोमवारपासून तुमची जागा दुसऱ्याला दिली तर चालेल? एकांना फार गरज आहे." आणि मी म्हणालो, "बरं आहे, येतो." झालं. एवढंच. आता बघा, मी एसटीतला माणूस. मला जागा म्हणजे सीट. खिडकीची सीट. त्यावरून गाडीत रोज कुरबुर चालायची, कुणाचा गुडघा वळत नाही, कुणाला मळमळतं. मला वाटलं, आणखी कुणा गुडघेवाल्याला माझी खिडकी पाहिजे. देऊन टाकू, मी मधे बसतो. आणि "बरं आहे" हे काय उत्तर असतं का? उठताना माणूस म्हणतोच की. बरं आहे, येतो. ते निघतानाचं बरं आहे. मॅडमनी त्यातून काय काय काढलं! तब्येत बरी आहे, आणि जागा द्यायला हरकत नाही. आणि पुढचं "येतो" तेवढं सोडून दिलं. आपल्याकडं जातो म्हणत नाहीत म्हणून येतो म्हणायचं, त्याला कोण धरून बसतं?

चांगुणाबाई धरून बसतात. त्या पाळणाघरातल्याच, मूळच्या बेलापूरच्या. तिकडं शेत, घर, सगळं. मुलगा नगरला नोकरीला म्हणून इथं आणून ठेवलेल्या. विसरतात. मुलाला दादा म्हणतात, सुनेला ओळखत नाहीत, पण बेलापूरला जायची गाडी आहे हे काही विसरत नाहीत. पहिले काही दिवस त्या जेवायलाच बसेनात. मांडीवर कापडी पिशवी, डोळे दाराकडं. वाढलेलं ताट तसंच. "जेवत बसले तर माजी गाडी सुटंल." बायका समजावून थकल्या. अश्विनी मॅडम गोड बोलून बघायच्या, रागावून बघायच्या. चांगुणाबाईंना त्याआधी दोनतीनदा सलाईन लावायला ॲडमिट केलेलं होतं, नुसत्या न जेवण्यानं. एक दिवस मला राहवलं नाही. मी हातातली भाकरी ठेवली, घसा खाकरला आणि नाकातून, स्टँडवरच्या आवाजात सुरू केलं: "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. राहुरी, बेलापूरमार्गे श्रीरामपूरला जाणारी गाडी आज उशिरा सुटेल. बेलापूरच्या प्रवाशांनी जेवून घ्यावे." सगळं दालन हसलं. चांगुणाबाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवी बाजूला ठेवली, "मग येळ हाय म्हना," असं म्हणून ताट पुढं ओढलं आणि पातेल्यातली डाळ संपेपर्यंत जेवल्या. त्या दिवसापासून माझी ड्युटी लागली. रोज जेवायच्या वेळी बेलापूर गाडी उशिरा. आणि चार वाजता निघताना त्या माझ्या बाहीला धरून विचारायच्या, "कंट्रोलर, उद्या येताल ना?" माझ्या शेजारच्या खुर्चीवर दुसऱ्या कुणाला बसू द्यायच्या नाहीत, हात आडवा धरायच्या. मी म्हणायचो, बरं आहे, येतो. शनिवारी मॅडमच्या मागं त्याच उभ्या होत्या. म्हणजे माझं एकच वाक्य दोघींनी ऐकलं. मॅडमनी पहिलं अर्धं घेतलं आणि चांगुणाबाईंनी दुसरं. हे मला सोफ्यावर बसल्यावर कळलं आणि मी चपला काढल्या.

फोन करून मॅडमना सांगायचं होतं. तीनदा नंबर काढला. काय सांगणार? ज्याला माझी जागा दिली त्याला फार गरज आहे म्हणाल्या होत्या, आणि ते खोटं नव्हतं. मी बघितलं होतं ना त्याला. गाडीची दांडी कशी धरून बसला होता, पडणाऱ्या माणसासारखी. मी सांगणार की मला त्याच्यापेक्षा जास्त गरज आहे? का, तर माझं काही दुखत नाही म्हणून? चेतनला फोन केला. तो मीटिंगमध्ये होता, बाहेर येऊन बोलला, पोरगा गुणाचा आहे. "अहो अण्णा, ही तर चांगली बातमी आहे! म्हणजे तुम्ही ठणठणीत झालात. पुण्याला या चार दिवस." मी बरं आहे म्हणालो. त्याचं पुण्याचं घर बाराव्या मजल्यावर आहे, तिथून माणसं दिसतात पण ऐकू येत नाहीत. मी भात लावला. एका माणसाचा भात लावणं फार अवघड असतं, तो उरतोच. उरलेला संध्याकाळी खाल्ला. टीव्ही लावला, बंद केला. मधेच घसा खाकरून बघितला, आवाज आहे का. दिवसभरात फोन सोडला तर तो वापरलाच नव्हता.

मंगळवारी गाडी यायच्या वेळी मी फाटकात गेलो नाही, खिडकीच्या पडद्याआड उभा राहिलो. पळून आलेल्या माणसासारखा. हॉर्न वाजला, गाडी गेली. बुधवारी दाढी केली नाही. ऊन असं की समोरच्या बाईनं झाडांवर हिरवं कापड ताणलं होतं. अकराच्या सुमाराला डाव्या हाताला मुंग्या आल्या आणि मग छातीवर कुणीतरी गुडघा रोवला. आलीस का बाई, असं मी तिला म्हणालो, छातीला. इतके दिवस कुठं होतीस? घाम फुटला तो खराच होता. रिक्षा मिळाली. रिक्षावाल्यानं हॉस्पिटलचं नाव विचारल्यावर मला, शप्पथ सांगतो, लग्नाला निघाल्यासारखं हलकं वाटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

कॅज्युअल्टीतली नर्स जुनीच. "अगं बाई, काका! सुरू झालं का परत?" तिनं कॉटवर झोपवलं, बाही वर सारली. पट्टा आवळला, सुटला. मी डोळे मिटून घेतले. एक नवा पोरगेला डॉक्टर होता, त्यानं ईसीजी काढला, कागद उलटसुलट बघितला. "काका, ईसीजी ठीक आहे. पण तुमची हिस्टरी बघता, अजून दुखत असेल तर ॲडमिट करून घेऊ. दुखतंय का अजून?" आता खरी गंमत. दुखत नव्हतं. पट्टा सुटला तसं गेलं होतं. पण दुखतंय म्हणालो की मी ॲडमिट. ॲडमिट झालो की माझी फाईल पुन्हा जाड होणार, मी पुन्हा गरजू, आणि गरजू माणसाला पाळणाघरात जागा मिळते. पुन्हा खिडकी, पुन्हा पत्ते, पुन्हा बेलापूर गाडी. आणि त्या टोपीवाल्याचं काय, ते देव बघेल. एवढा एकच शब्द होता, दुखतंय. तोंडात आला होता. मागच्या भिंतीपलीकडं दालन होतं, ताटं लावल्याचा आवाज येत होता. मी त्या आवाजाकडं कान लावून पडलो होतो आणि डॉक्टर उत्तराची वाट बघत होता.

तेवढ्यात दार ढकलून स्ट्रेचर आलं. बरोबर अश्विनी मॅडम, केस विस्कटलेले, हातात ती कापडी पिशवी. ती पिशवी मी आधी ओळखली, मग चांगुणाबाईंना. तोंड एवढंसं झालेलं, ओठ फुटलेले. शेजारच्या कॉटवर घेतलं, सलाईनसाठी शीर शोधायला लागले, सापडेना. मॅडम नर्सला सांगत होत्या, "सोमवारपासून अन्नाचा कण नाही, पाणी नाही, घरीसुद्धा नाही. गेटजवळच्या बाकावर जाऊन बसतात, आत आणलं की परत जातात. येतो म्हणालेत, येतो म्हणालेत, एवढंच. कोण ते मला आज कळलं." मग त्यांनी मान वळवली आणि मी दिसलो. "काका? तुम्हाला काय झालं?"

मी उठून बसलो. "काही नाही झालं," मी म्हणालो. "दुखत होतं, थांबलं." तो पोरगेला डॉक्टर माझ्याकडं बघायला लागला. मॅडम माझ्याजवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "काका, मी तुम्हाला विचारलं होतं हो. तुम्ही बरं आहे म्हणालात." "मॅडम," मी म्हणालो, "ते येतो म्हणायच्या आधीचं बरं आहे होतं." मीच पुढं म्हणालो, "आणि जागा म्हणजे मला खिडकी वाटली. मला बरं नाही, मॅडम. ईसीजीत येत नाही, पण मला अजिबात बरं नाही. मला खायला उठतं घर." हे एवढ्या मोठ्यानं बोललो की नर्सनं मागं वळून पाहिलं. मॅडमनी कपाळावरचे केस मागं सारले. "ज्यांची तब्येत सुधारली त्यांची जागा मोकळी करायची, असं ठरलंय वर. तुमच्यामुळं दुसऱ्याची तब्येत टिकते, असं कागदावर कुठं मांडायला जागाच नाही. बघते मी." बघते म्हणजे काय ते मला माहीत आहे. जन्मभर मी प्रवाशांना बघतो म्हणत आलो. पण त्या रडायच्या बेतात होत्या, म्हणून मी चांगुणाबाईंकडं वळलो.

शीर सापडली होती. थेंब पडायला लागले. चांगुणाबाईंनी डोळे उघडले, पण नर्सनं पाण्याचा चमचा ओठांना लावला की तोंड फिरवायच्या. मी कॉटवरून उतरलो. त्यांच्या कॉटशेजारी एक स्टूल होतं. मी बसायला गेलो तर त्यांनी मोकळा हात स्टुलावर आडवा धरला. "हितं नका बसू," त्या म्हणाल्या. "जागा हाय ती. कंट्रोलर येनारेत." त्यांनी माझ्या चेहऱ्याकडं नीट पाहिलं, दाढीच्या खुंटाकडं पाहिलं, आणि पुन्हा दाराकडं पाहायला लागल्या. मी उभाच राहिलो. कुणी ओळखलं नाही म्हणून एवढं लागावं असं माझं वय नाही. लागलं मात्र.

मग मी घसा खाकरला. कॅज्युअल्टी होती, पलीकडं कुणी कण्हत होतं, पण मी आवाज नाकात घेतला. "प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. राहुरी, बेलापूरमार्गे श्रीरामपूरला जाणारी गाडी आज उशिरा सुटेल. बेलापूरच्या प्रवाशांनी पाणी पिऊन घ्यावे." चांगुणाबाईंची मान थांबली. "येळ हाय म्हना," त्या पुटपुटल्या. नर्सनं चमचा पुढं केला. प्यायल्या. दुसरा प्यायल्या. अश्विनी मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता. चांगुणाबाईंचे डोळे आवाजाबरोबर उजळले होते, पण ते दारावरच होते. गाडीची खबर आली म्हणजे आता माणूसही येईल, असं त्यांनी धरलं होतं. त्यांनी माझ्याकडं वळून विचारलं, "तुमी ष्टँडवरनंच आलात का? कंट्रोलर हुते का तिथं?"

"होते की," मी म्हणालो. "मागच्या गाडीनं येतायत."

त्यांनी बराच विचार केला. मग स्टुलावरचा हात काढून घेतला. "मंग बसा तवर," त्या म्हणाल्या. "ते आले की उठा मात्र."

"बरं आहे," मी म्हणालो, आणि बसलो.